‘म्हणून’ खोडताना

आमच्या घरात वाईट स्वप्न पडले तर ते माणसांना सांगण्याची पद्धत नाही. आई पहाटे उठते, मागीलदारच्या बांयच्या, म्हणजे विहिरीच्या, काठावर वाकते, जे दिसले असेल ते पाण्याला सांगून येते आणि मग चुलीकडे वळते. ती पाण्याला काय सांगते हे मी कधी विचारले नाही. बाबा होते तेव्हा त्यांनीही विचारले नसावे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, वयाच्या ५२व्या वर्षी, मी स्वतःची स्वप्ने वहीत उतरवून त्यांतून एक लघुपट उभा करण्याच्या उद्योगाला लागले, तेव्हा घरातल्या एका जुन्या शिस्तीविरुद्ध आपण वागत आहोत याची मला पुरती जाणीव होती.

निमित्त भाच्याचे. तो पुण्यात चित्रपटसंकलन शिकून गोव्यात, आमच्या माशेलला परतला होता आणि आषाढातल्या एका रात्री त्याने आमच्या वसरीच्या भिंतीवर लुई बुन्युएल आणि साल्व्हादोर दाली यांचा १९२९ सालचा ‘अँ शियाँ आंदालू’ हा मूकपट दाखवला. प्रेक्षक तिघेच: तो, मी आणि माझ्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे एक सहकारी, ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा आहे. चित्रपटाच्या आरंभी वस्तऱ्याने डोळा चिरण्याचे जे दृश्य आहे त्याविषयी मी वाचले होते, तो डोळा वासराचा होता हेही ठाऊक होते, तरी मी तोंडावर पदर घेतलाच. मला अधिक विलक्षण वाटली ती त्या चित्रपटाच्या जन्माची हकिकत. चंद्राला चिरत जाणारा निमुळता ढग आणि डोळा चिरणारा वस्तरा हे बुन्युएलचे स्वप्न होते, तर मुंग्यांनी भरलेला हात दालीच्या स्वप्नातला. फिगेरास येथील दालीच्या घरी दोघांनी आठवडाभरात पटकथा लिहिली आणि लिहिताना एकच नियम पाळला: ज्या प्रतिमेचे तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती घ्यायची नाही. पैसे बुन्युएलच्या आईने दिले होते. पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला तो पडद्यामागे ग्रामोफोनवर कधी वॅग्नर तर कधी अर्जेंटिनाचे टँगो लावत उभा होता आणि प्रेक्षक अंगावर आले तर फेकायला त्याने खिशात दगड भरून ठेवले होते.

नियम ऐकायला सोपा होता. आपणही असे काही करू, असे आम्ही त्याच रात्री ठरवले. स्वप्ने कोणाची, हा प्रश्न लगेच सुटला, कारण सहकारी म्हणाले की त्यांना स्वप्ने पडतच नाहीत आणि भाच्याला पडतात ती मोबाइलची. (स्वप्ने सगळ्यांनाच पडतात. झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होते तो टप्पा असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३मध्ये नोंदवला. साधारण दीड तासाच्या चक्राने तो रात्रीतून चार-पाच वेळा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. पण सहकाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

मी ४१ सकाळी नोंदी केल्या. त्यांपैकी १४ सकाळी हाती काहीच लागले नाही. पहिल्या आठवड्यात मी दोन चुका केल्या. जाग येताच दिवा लावत असे आणि कूस बदलत असे. या दोन्हींनी स्वप्न असे निसटते की ओल्या हातातला साबणही इतक्या लवकर निसटत नाही. पुढे मी ज्या कुशीवर जाग येई त्याच कुशीवर डोळे मिटून पडून राहू लागले, स्वप्नाचे शेवटचे दृश्य पकडून तिथून मागे मागे जाऊ लागले आणि उशीखालच्या वहीत अंधारातच शिसपेन्सिलीने लिहू लागले. अक्षर वाचण्याजोगे नसे, परंतु अक्षर वाचण्याजोगे झाले की स्वप्न बिघडते, हे मला पुढे कळले.

भाद्रपदापर्यंत साठलेली पाने मी मोठ्या कौतुकाने भाच्यापुढे ठेवली. त्याने नऊ पाने वाचली, वही मिटली आणि म्हणाला, “आत्ये, हें सपन न्हय, हो अहवाल.” मग त्याने पेन्सिल घेऊन एका शब्दाभोवती गोल करायला सुरुवात केली. नऊ पानांत ‘म्हणून’ १९ वेळा होते, ‘कारण’ ११ वेळा आणि ‘तरीही’ सहा वेळा. “फेरीबोट सुटायची होती म्हणून मी धावले. माझ्या हातात सुपारीचा घोस होता, कारण कोणाला तरी तो पोचवायचा होता.” प्रत्यक्षात स्वप्नात काय होते? मी धावत होते. फेरीबोट होती. हातात सुपारीचा घोस होता. बाकी सगळे मी जागी झाल्यावर, पेन्सिलीचे टोक कागदाला लागण्याआधीच्या दोन क्षणांत, शिवून टाकले होते.

अठ्ठावीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवलेल्या बाईला हा हिशेब झोंबावा हे साहजिक होते. त्याहून झोंबले ते हे की फ्रॉइडने नेमके हेच सांगून ठेवले आहे आणि मी ते वाचूनही विसरले होते. ज्या ग्रंथावर १९०० हे साल छापले गेले त्या स्वप्नमीमांसेत तो म्हणतो की ‘जर’, ‘कारण’, ‘जसे’, ‘जरी’, ‘एक तर… नाही तर’ हे संबंध दाखवण्याचे कोणतेही साधन स्वप्नाजवळ नसते. स्वप्न दोन माणसांचे एक माणूस करते, एका वस्तूवरचा भार दुसऱ्या वस्तूवर सरकवते, विचाराचे चित्र करते. उभयान्वयी अव्यय मात्र त्याला येत नाही. ते घालते आपलेच जागे होऊ पाहणारे मन. स्वप्नातल्या फटी बुजवून त्याला गोष्टीचा सुबक दर्शनी भाग चढवण्याच्या या कामाला फ्रॉइडने वेगळे नाव दिले आहे. मराठीत आपण त्याला दुय्यम संस्करण म्हणू. माझ्या बाबतीत हे संस्करण लाल शाईच्या पेनाइतके तत्पर निघाले. मी स्वप्नांचे शुद्धलेखन तपासत होते.

त्यानंतरच्या नोंदींत मी उभयान्वयी अव्ययांवर बंदी घातली. हे किती अवघड आहे ते करून पाहिल्याखेरीज कळणार नाही. ‘आणि’सुद्धा धोक्याचा असतो, कारण दोन गोष्टी शेजारी येताच त्यांत पहिली व दुसरी असा क्रम लागतो आणि क्रमातून कार्यकारणभाव डोके वर काढतो. शेवटी मी वाक्ये सोडून देऊन पानावर इकडेतिकडे शब्द लिहू लागले. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंने १९२४च्या जाहीरनाम्यात अतिवास्तववादाची व्याख्या करताना विचारावर बुद्धीचे कोणतेही नियंत्रण नसावे असे म्हटले, ते वाचताना मला नेहमी मोकळीक दिल्यासारखे वाटे. ते नियंत्रण काढून टाकण्यासाठी किती नियंत्रण लागते, याचा अंदाज मला तोवर नव्हता. स्वैर लिहिणे म्हणजे मनाला येईल ते लिहिणे, अशा समजुतीने आपल्याकडे जे पुष्कळ लिहिले आणि चित्रित केले जाते, त्याच्याविषयीचे माझे मत या ४१ दिवसांत फारच खाली गेले.

या सगळ्या काळात मला अबे फारिया वारंवार आठवत होता. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे: एक झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पसरून वाकला आहे आणि त्याच्या हातांखाली एक स्त्री मागे कोसळत आहे. लहानपणी बसमधून तो दिसला की मी बाबांना विचारी, तो तिला काय करतो, आणि बाबा म्हणत, “तो तिका न्हिदयता,” म्हणजे निजवतो. हे उत्तर मला पुरत नसे. १७५६मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने १८१३पासून पॅरिसमध्ये संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिके केली आणि त्या काळी सगळे चुंबकीय द्रवाच्या गोष्टी करत असताना सांगितले की झोपवणाऱ्याच्या अंगात काही शक्ती नसते, जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडते. पुढे फ्रान्समधल्या नान्सी येथील संमोहनतज्ज्ञ डॉक्टर बेर्नहेमने त्याचे श्रेय मान्य केले. बेर्नहेमचा ग्रंथ जर्मनमध्ये आणणारा तरुण डॉक्टर फ्रॉइड होता. फारियानंतर शंभरेक वर्षांनी, १९२२च्या शरदात, त्याच पॅरिसमध्ये ब्रेतों आणि त्याचे मित्र एकमेकांना निद्रावस्थेत घालून त्यांच्यातल्याच रोबेर देस्नोस या कवीच्या तोंडून निघेल ते टिपून घेत बसले होते. आमच्या कांदोळीच्या पाद्र्याची त्या बैठकीत कोणाला आठवण झाली की नाही, देव जाणे. अतिवास्तववादी चित्र मी पहिल्यांदा पाहिले ते कोणत्याही पडद्यावर नव्हे, तर कदंब बसच्या खिडकीतून, हे मात्र खरे.

२७ नोंदींतून प्रतिमा निवडण्याचे काम दोन संध्याकाळींत झाले. पद्धत अशी: मी प्रतिमा वाचायची, इतर दोघांपैकी कोणालाही दहा सेकंदांच्या आत तिचा अर्थ सुचला तर ती बाद. फेरीबोटीत वर्ग भरला आहे आणि हजेरीत औषधांची नावे आहेत, ही बाद, कारण बाई शिक्षिका आणि घरात आजारी माणूस. दिवाडी बेटाच्या धक्क्यावर बाबा पाठमोरे उभे आहेत, ही तर सहकाऱ्यांनी दोन सेकंदांत बाद केली. बाबांना जाऊन चार वर्षे झाली आहेत. अर्थ सांगायची गरज नव्हती. मी काही बोलले नाही.

भाच्याने मध्येच कुर्डीचा प्रस्ताव आणला. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. दर वर्षी उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांची जोती वर येतात, मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात आणि पाऊस सुरू झाला की गाव पुन्हा बुडते. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. जागा म्हणून तिला तोड नाही. पण पाण्याखाली दडलेले आणि अधूनमधून वर येणारे गाव म्हणजे अबोध मन, हे दहा सेकंदांतच काय, वाक्य पूर्ण होण्याआधीच प्रत्येकाच्या तोंडावर आले होते. आमच्या नियमाने गोव्यातली सर्वांत स्वप्नवत जागा बाद केली आणि मला वाटते तिथेच आम्ही त्या नियमाला पात्र झालो.

उरल्या चार प्रतिमा. न्हाणीघराच्या छताला टांगलेली माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची लाकडी चौकट, तिच्यावर नारळ, तोरिंग आणि सुपारीच्या घोसांमध्ये लोंबणाऱ्या ओल्या छत्र्या. घुमट हे मातीचे चर्मवाद्य वाजवणारी एक मुलगी, जिच्या प्रत्येक थापेला घुमटाच्या उघड्या तोंडातून मीठ सांडते. अनेक जमिनींवरून चालणारे एकच पाऊल. आणि कोळशाच्या इस्त्रीने बांगडे इस्त्री करून, रुमालासारखी घडी घालून, ते थप्पीने ठेवणारा माणूस.

माटोळी सर्वांत आधी चित्रित झाली, कारण चवथ होऊन गेली होती आणि लाकडी चौकट घरात तयार होती. चित्रीकरणाला लागताच आमचे मतभेद सुरू झाले. सहकाऱ्यांनी धूर करण्यासाठी धूपदाणी आणली होती आणि दिव्यांवर चढवायला निळा जिलेटिन कागद. स्वप्न म्हटले की धुके, निळा प्रकाश, कडा वितळलेल्या, ही आपल्या डोक्यात चित्रपटांनीच घातलेली समजूत आहे. हिचकॉकला ‘स्पेलबाउंड’मध्ये नेमके हेच नको होते, १९४५च्या त्या चित्रपटात स्वप्नासाठी त्याने दालीला बोलावले ते दालीच्या रेषा धारदार आणि सावल्या लांब असतात यासाठी, स्वप्न हे उरलेल्या चित्रपटापेक्षा अधिक स्पष्ट दिसावे यासाठी. माझी वहीही तेच सांगत होती. एकाही नोंदीत धूर नव्हता; उलट छत्रीच्या काडीला लागलेला गंज आणि तोरिंगाच्या सालीवरचा किड्याचा डाग मला स्वच्छ आठवत होता. धूपदाणी आम्ही देवघरात परत ठेवली आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून सकाळी दहाला येणाऱ्या उन्हात चित्रण केले.

पावलाच्या दृश्यासाठी आमच्यापुढे चित्रपटकार माया डेरेन होती. तिने आणि अलेक्झांडर हॅमिड या तिच्या नवऱ्याने १९४३मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरात, किल्ली, सुरी, फूल, आरसा अशा मोजक्या वस्तूंवर, १४ मिनिटांचा एक चित्रपट केला. त्यात तिचे पाऊल वाळूवरून उचलले जाते ते गवतावर पडते, मग फरसबंदीवर, मग घरातल्या गालिच्यावर. आम्ही मिठाचा हंगाम येईपर्यंत थांबलो आणि पेडणे तालुक्यात आगरवाड्याच्या मिठागराच्या बांधावर पहिले पाऊल टिपले. ते पुढे फेरीबोटीच्या लोखंडी तळावर पडते, मग चिऱ्याच्या पायरीवर, मग शेणाने सारवलेल्या जमिनीवर. पाय माझा आहे. जागा चार, पण पायाची गती एकच राहिली पाहिजे, म्हणून भाचा एका तालावर टाळ्या वाजवत असे. फेरीबोटीत त्याने टाळ्या वाजवल्या तेव्हा प्रवाशांनी आम्हांला कोणत्या तरी पक्षाचा प्रचार समजून वाट करून दिली.

बांगड्यांचे दृश्य मात्र आमच्या अंगाशी आले. इस्त्री तापवली तर मासा शिजतो आणि थंड ठेवली तर धूर दिसत नाही. आम्ही निखारे घातले, इस्त्रीखाली केळीच्या पानाचा तुकडा लपवला आणि तरीही १४ बांगड्यांपैकी तीन तव्यावर असल्यासारखे चरचरले. कावळ्यांनी अंगण भरले. आमच्या देवळातल्या उत्सवी नाटकांत खलनायक उभा करणारे शेजारी हे काम करत होते. ते अंगात टी-शर्ट घालून आले होते, त्यावर एका सिमेंटचे नाव होते. मी आत गेले, कपाटातून पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा असलेला एक अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणला आणि त्यांना दिला. त्या वेळी माझे सगळे लक्ष कावळ्यांकडे होते.

एकूण चित्रण २३ मिनिटांचे जुळले होते. ते नऊवर आणायचे होते. फारियाविषयी एक आख्यायिका गोव्यात सांगतात: लिस्बनमध्ये राणीपुढे प्रवचन करताना तरुण फारियाला एकदम काही सुचेना, तेव्हा व्यासपीठाखाली बसलेले त्याचे वडील कोकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” आणि त्याची जीभ सुटली. भाचा संकलनाला बसला की प्रत्येक काटछाटीला हेच म्हणू लागला. कातरण्यात तो तयार आहे. पण कातरताना आम्हांला नवीनच संकट भेटले. मी वहीतून खोडलेला ‘म्हणून’ पडद्यावर आपोआप उगवत होता. इस्त्रीनंतर माटोळी जोडली की वाटे, कोणाच्या तरी दिवसकार्याची तयारी चालली आहे. आधी मीठ आणि मग बांगडे आले की वाटे, ही खारवण्याची पाककृती आहे. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी हे दाखवून दिले आहे: नटाचा एकच चेहरा, पण पुढे सूप आले की प्रेक्षकाला त्यात भूक दिसते, शवपेटी आली की शोक. दोन दृश्यांमधला सांधा हेच चित्रपटाचे उभयान्वयी अव्यय असते आणि ते प्रेक्षक घालतो. त्याला खोडरबर लावता येत नाही.

तीन आठवडे आम्ही क्रम बदलत राहिलो. मार्ग सापडला तो पुन्हा १९२९च्या त्या चित्रपटातच. त्यात मधूनमधून पाट्या येतात: ‘एके काळी’, ‘आठ वर्षांनंतर’, ‘पहाटे तीनच्या सुमारास’, ‘सोळा वर्षांपूर्वी’. ‘सोळा वर्षांपूर्वी’ अशी पाटी लागते आणि तीच खोली, तीच माणसे, तोच प्रसंग पुढे चालू राहतो. पहिल्यांदा पाहताना मी हे थट्टेत काढले होते. आता कळले की प्रेक्षकाचे मन जिथे स्वतः धागा ओवणार, तिथे या दोघांनी आधीच एक खोटा धागा ओवून ठेवला आहे, इतका खोटा की खरा ओवण्याची इच्छाच मरावी. आम्ही माझ्या वहीतली खोडलेली अव्यये परत आणली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, एकटाच शब्द: ‘म्हणून’. मग घुमटातून मीठ. ‘तरीही’. मग पाऊल. ‘कारण’. मग काहीच नाही, चार सेकंद रिकामे न्हाणीघर. अक्षरे मीच खडूने फळ्यावर लिहिली आहेत. वळण माझे ओळखू येते, असे विद्यार्थ्यांनी नंतर सांगितले.

मे महिन्यात राजांगणात पांढरी चादर ताणून वीसेक माणसांना आम्ही तो दाखवला. प्रेक्षकांनी आपले काम चोख केले. मिठाच्या दृश्याचे मी एका रात्रीत सात अर्थ ऐकले, त्यांत खाणबंदीही होती. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले की आपल्याला काही कळले नाही, पण यात काही तरी वावगे आहे खास. मी त्यांचे मनापासून आभार मानले. फ्रेंच दिग्दर्शिका जर्मेन द्यूलाकने आर्तो या कवीच्या पटकथेवरून केलेल्या १९२८च्या चित्रपटावर ब्रिटिश सेन्सॉरांचा अभिप्राय याच धर्तीचा होता: चित्रपट इतका गूढ आहे की जवळजवळ निरर्थक आहे, अर्थ असलाच तर तो निःसंशय आक्षेपार्ह असणार.

आई पुढच्या खुर्चीत बसली होती. इस्त्रीचे दृश्य आले तेव्हा तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. दृश्य ५० सेकंदांचे आहे. माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा आहे. ही पाठ मी वहीत लिहिली नव्हती, कावळे चित्रात येऊ नयेत म्हणून सहकाऱ्यांनी कॅमेरा त्या बाजूला नेला होता. पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा. धक्क्यावरचे जे स्वप्न दोन सेकंदांत बाद झाले होते, ते सबंध पडद्यावर उभे होते आणि तिथे ते आम्ही तिघांनी मिळून, कोणालाही न कळता, आणून ठेवले होते. संकलनात मी ते दृश्य शंभरदा तरी पाहिले असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज वाढताना आई म्हणाली, “तो शर्ट धुवन परत कपाटांत दवर.” थोड्या वेळाने, पातेले उतरवता उतरवता, “आनी असलें सपन बांयक सांगपाचें. वीस जाणांक कित्याक सांगलें?”

शर्ट मी बांयवरच धुतला. कॉलरखाली चिकटलेला एक खवला निघाला नाही.